चढताना डावीकडे

मला राग लवकर येतो, असं ऑफिसात सगळे म्हणतात. बरोबरच म्हणतात. पण कशाचा येतो ते कुणी विचारत नाही, म्हणून सांगूनच टाकते. "खालील चित्रात दाखवल्याप्रमाणे" या शब्दांचा मला राग येतो. ते कानावर पडले की डोक्यात तिडीक जाते. मी आंधळी आहे. मला खालचंही चित्र दिसत नाही आणि वरचंही. आणि ज्यानं ते वाक्य लिहिलंय त्याचं कामच मुळी नीट सांगणं हे आहे. पगारसुद्धा तो त्याचाच घेतो.

आंधळी म्हटलं की लोक दचकतात. ऑफिसात माझ्यासाठी एक लांबलचक गुळगुळीत शब्द आहे, तो वापरला की त्यांना बरं वाटतं. वापरा बापडे. मला शब्दाशी देणंघेणं नाही. शाळेत असतानाच माझी नजर गेली, त्यानंतर मी कॉम्प्युटर शिकले, डिग्री घेतली, आणि पुण्याच्या एका कंपनीत प्रोग्रामर म्हणून लागले. काम करते महाडात बसून, आमच्या माडीवरून. माझ्या लॅपटॉपात एक आवाज आहे. पडद्यावर जे लिहिलेलं असेल ते तो वाचून दाखवतो, आणि मी तो इतक्या वेगात ऐकते की आईला वाटतं मशीन बिघडलंय. अक्षरं असली की तो फडाफडा वाचतो. चित्र आलं की तो मुका.

आमची कंपनी एक टूल बनवते आणि मोठमोठ्या कंपन्यांना विकते. त्यांच्या प्रोग्रामरांनी लिहिलेला कोड गोळा करायचा, तपासायचा आणि सर्व्हरवर चढवायचा, हे त्या टूलचं काम. त्याची नवी आवृत्ती तयार झाली की ती गिऱ्हाइकांकडे पाठवायची, याला आम्ही रिलीज म्हणतो. रिलीज माझ्याकडे होतं, आणि तेही आम्ही याच टूलवर करायचो. सगळ्यांचं काम एकत्र आलं, तपासून झालं, की शेवटचं "हो" मी म्हणायचं, मग ते बाहेर जायचं. माझ्या "हो"शिवाय काही हलत नसे. मला ते काम आवडायचं, आणि ते मी चोख करायचे. याच्यात नम्रपणा मी दाखवणार नाही.

आता आमच्या जिन्याचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्याशी बांधलेलं आहे. आम्ही माय-लेकी माडीवर राहतो. खाली, अख्खी आळी ज्यांना चाचा म्हणते त्यांचं दुकान, पाइप, नळ, रंगाचे डबे, वायरी. चाचा बरीच वर्षं आखातात होते, परत येऊन त्यांनी हे दुकान टाकलं. नदी आमच्या आळीपासून लांब नाही. पावसाळ्यात ती चढायला लागली की खालच्या दुकानदारांचा माल वरच्यांच्या जिन्यात, गॅलरीत, स्वयंपाकघरात येतो. त्यासाठी कुणी परवानगी मागत नाही आणि कुणी उपकार मानत नाही. महाडात वरच्या मजल्यावर राहायचं तर हे आलंच.

नोकरी लागली त्याच पावसाळ्यात असाच माल वर येत होता. मी बाहेरून आले आणि जिना चढायला लागले. दुकानातला माणूस वरून उतरत होता. भला माणूस, त्यानं मला आवर्जून सांगितलं, "ताई, डावीकडं पाइप हायत, जपून." मी उजवीकडे सरकले. त्याचं डावं ते माझं उजवं. लोखंडी पाइपांवर तोंडावर आपटले, हनुवटी फुटली, टाके पडले. तो बिचारा रडकुंडीला आला. सांगितलं होतं ना मी, म्हणत राहिला. आणि त्यानं सांगितलं होतंच की.

चाचा त्याच्यावर ओरडले नाहीत. त्यांनी दुकानातल्या सगळ्यांना जिन्यापाशी उभं केलं आणि म्हणाले, "आजपासून जिन्यात काय पण ठेवलं तर मोठ्यानं बोलायचं. आन डावं-उजवं चढणाऱ्याचं धरायचं. तू उतरत असलास तरी चढणाऱ्याचं." तेव्हापासून आमच्या आळीत तसंच बोलतात. "चढताना डावीकडे डबे हायत." "चढताना उजवीकडे वायरीचं भेंडोळं." सिलिंडरवाला तसं बोलतो, कुरियरवाला तसं बोलतो. मी घरात नसले तरी बोलतात. पोलादपूरहून मामा येतो, त्यालाही सवय लागली. तो तर एसटीतसुद्धा तसंच बोलतो आणि लोक त्याच्याकडे बघत राहतात.

एवढंच असतं खरं तर. सांगणाऱ्यानं आपण कुठं उभे आहोत ते विसरायचं आणि ऐकणारा कुठं उभा आहे ते धरायचं. दुकानातल्या पोरांना हे एका दुपारी कळलं. पुण्यात आमच्या कंपनीत त्यासाठी एक अख्खी टीम आहे.

आमचा मॅनेजर एकदा घरी येऊन गेला होता. थंडीत बायकापोरांना घेऊन रायगड बघायला निघालेला, वरंध घाट उतरून महाडात आला, आणि पाचाडला जायच्या आधी आमच्याकडे जेवला. जिना चढताना खालून चाचांनी सांगितलं, "सायेब, चढताना डावीकडं सिलिंडर हाय." तो हसला. "दिसतोय की हो," म्हणाला. आईनं वालाचं बिरडं आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. त्यानं पोटभर खाल्लं आणि आईला म्हणाला, "तुमची मुलगी आमच्या सगळ्यांची प्रेरणा आहे." आई खूश झाली, तिनं त्याला आणखी एक भाकरी वाढली. मी तेवढ्यात विचारून घेतलं, "सर, टूलचं नवं पॅनेल येतंय, त्याचं मॅन्युअल मला वाचता येईल ना?" तो म्हणाला, "अगं होऊन जाईल सगळं." तोंडात भाकरी होती त्याच्या.

काय होऊन गेलं ते सांगते. पावसाळ्याच्या तोंडावर टूलचं नवं रूप आलं. आधी मी सगळं लिहून, कमांड देऊन करायचे. आता जुन्या कमांडा बंद झाल्या, एक रंगीबेरंगी पॅनेल आलं आणि त्याचं नवं मॅन्युअल आलं. मी मॅन्युअल उघडलं. आवाज म्हणाला, "पायरी पहिली. खालील चित्रात दाखवल्याप्रमाणे हिरव्या बटणावर क्लिक करा. ग्राफिक. स्क्रीनशॉट." पुढं, "पायरी दुसरी. आता इथे जा. ग्राफिक. स्क्रीनशॉट." मी खाली खाली जात राहिले. इथे जा, तिथे दाबा, असं दिसेल, स्क्रीनशॉट. पानामागून पान तेच.

चित्रामागे एक न दिसणारी ओळ लिहायची सोय असते. चित्रात काय आहे ते त्या ओळीत सांगितलं की माझा आवाज ती ओळ वाचतो. आमच्या कंपनीचे मॅन्युअल लिहायचे नियम आहेत, त्यात हे स्वच्छ लिहिलंय, की प्रत्येक चित्रामागे ओळ हवीच. मी डॉक्युमेंटेशनच्या प्रमुख बाईंना फोन केला. बाई बोलायला फार गोड. म्हणाल्या, "अगं, आपण नियम पाळलाय. प्रत्येक चित्राला ओळ आहे. तपासणीचा रिपोर्ट शंभर टक्के हिरवा आला."

ओळ होती. प्रत्येक चित्रामागे एकच शब्द लिहिला होता, स्क्रीनशॉट. कुणीतरी छोटा प्रोग्राम लिहून एका फटक्यात सगळ्या चित्रांना तो चिकटवला होता. तपासणारं मशीन फक्त बघतं की ओळ रिकामी आहे का. रिकामी नव्हती, झालं. मशीननं हिरवा दिवा दिला, बाईंनी तो वरच्यांना दाखवला आणि वरच्यांनी गिऱ्हाइकांना सांगितलं की आमचं टूल सगळ्यांना वापरता येतं. मला काय चीड आली म्हणून सांगू. नियम मोडला असता तर मी भांडले असते. यांनी नियम पाळून माझ्या तोंडाला पानं पुसली.

मी तक्रार नोंदवली. तिला कमी महत्त्वाची असा शिक्का मारून रांगेच्या शेवटी टाकलं. मी पुन्हा लिहिलं, समजावून लिहिलं, "कृपया" घालून लिहिलं. कुणीतरी खाली अंगठा दाखवून ठेवला. तोही चित्रच.

त्याच आठवड्यात मॅनेजरचा फोन आला. आवाज अगदी मऊ. मला तेव्हाच कळायला हवं होतं. "मी विचार करतोय, तुझ्यावरचा भार कमी करावा. नवं पॅनेल तुला जड जातंय. रिलीज दुसऱ्या कुणाकडे देतो, तू टेस्टचे रिपोर्ट बघत जा. पगाराला धक्का नाही."

"मला जड जात नाहीये सर," मी म्हटलं. "मला कुणी सांगतच नाहीये."

"तेच गं. तुझ्या सोयीसाठीच म्हणतोय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझं काम काढून घ्यायचं आणि वर सोय म्हणायची. मी म्हटलं, माझी सोय मी बघते, तुम्ही मॅन्युअल बघा. तो म्हणाला, "ठीक आहे. येणारं रिलीज नव्या टूलवर तू एकटीनं करून दाखव. जमलं तर राहू दे तुझ्याकडे. नाही जमलं तर मग वाद नको." मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर राग होताच, थोडी भीतीही वाटली. ते काम गेलं असतं तर मी ऑफिसात शोभेला उरले असते.

भाऊ मुंबईहून दोन दिवसांसाठी आला होता. त्याला म्हटलं, बस आणि चित्रांत काय आहे ते वाच. तो उत्साहानं बसला. "हां, इथं एक डबा हाय. त्याला असा एक बाण. तो बाण इकडनं तिकडं जातोय."

"कुठनं कुठं?"

"अगो, ह्याच्यापासनं त्याच्यापर्यंत. सिम्पल हाय."

"डब्यात काय लिहिलंय?"

"बारीक हाय गो. निळं निळं काय तरी."

मी त्याला उठवलं. त्याचा काय दोष? चित्र काढणाऱ्यानंच अक्षरं वाचायसारखी ठेवली नव्हती, डोळसालाही नाही. आई दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "त्याला येत नाय तर मी वाचू?" आईला इंग्रजी येत नाही. पण विचारलं ते तिनंच, ऑफिसातल्या एकानंही नाही. मी तिला चहा टाकायला सांगितलं.

मग मी पॅनेलचा नाद सोडला. काळ्या पडद्यावर टूलचं नाव टाइप केलं आणि मदत मागितली, जुन्या सवयीनं. आणि मदत आली. कुणा प्रोग्रामरनं, बहुतेक आता कंपनी सोडून गेलेल्या, प्रत्येक नव्या कमांडची माहिती सरळ शब्दांत लिहून आत ठेवली होती. ही कमांड हे करते, हिला एवढं द्यावं लागतं, काम झालं तर हे वाक्य येईल, फसलं तर ते येईल. पॅनेलवर रंगीत बटणं दाबून जे होत होतं ते सगळं या कमांडांनी होत होतं. मॅन्युअलमध्ये याचा एका ओळीचाही उल्लेख नाही. आनंद व्हायला हवा होता. मला आणखीच राग आला. दार होतं, उघडं होतं, आणि सांगणाऱ्या टीमनं ते सांगायचे कष्ट घेतले नव्हते.

रिलीजच्या दिवशी सकाळपासून पाऊस धरून होता आणि नदी चढत होती. चाचांचा माल वर यायला लागला. मी खोलीत बसून कमांडा देत होते आणि दाराबाहेर आवाज चालले होते. "चढताना डावीकडं रंगाचे डबे." "गॅलरीत दाराला लागून पंप, चढणाऱ्याचं उजवं." आईनं राऊटर कपाटावर चढवला आणि सांगितलं, "वायर खिडकीच्या कडेनं घेतलीय गो, पायात नाय." दुपारी वीज गेली, इन्व्हर्टरवर काम चालू राहिलं. मध्ये मी उठून पाणी प्यायला गेले, तर अख्खं घर मालानं भरलेलं, आणि मला कुठंही ठेच लागली नाही. तिन्हीसांजेच्या आधी रिलीज बाहेर गेलं. पाणी चाचांच्या उंबऱ्याला लागून परत फिरलं. मॅनेजरनं संदेश पाठवला, "ग्रेट जॉब." काम माझ्याकडे राहिलं.

पुढचा आठवडाभर बसून मी सगळं लिहून काढलं. माझ्यासाठी नव्हे, मला पाठ झालं होतं. आमच्या गिऱ्हाइकांकडेही माझ्यासारखे कुणी असतीलच, आणि त्यांच्या मॅनेजरांचे आवाजही असेच मऊ असतील. आमच्या जिन्याचा नियम धरला. कुठंही "इथे" नाही, "असं" नाही, हिरवं-निळं नाही. वाचणारा कुठं आहे ते आधी, काय करायचं ते मग, आणि केल्यावर काय ऐकू येईल ते शेवटी. बाईंकडे पाठवलं. त्यांचं लगेच उत्तर आलं, "किती सुंदर लिहिलंयस. आपण हे छान डिझाइन करून मॅन्युअलमध्ये घालू." मी ते टीमलाही पाठवलं होतं, आणि डोळस प्रोग्रामरसुद्धा माझंच पान वापरायला लागले होते, कारण पॅनेल बदललं की चित्रं खोटी पडायची आणि माझं लिखाण पडायचं नाही.

पुढच्या रिलीजला आठवडा राहिला तेव्हा कंपनीच्या वार्तापत्रात माझं कौतुक आलं. प्रेरणा हा शब्द होताच. खाली माझ्या पानाची लिंक होती. मी उघडली.

"ग्राफिक. स्क्रीनशॉट. ग्राफिक. स्क्रीनशॉट."

ऑफिसातल्या एकाला विचारलं तेव्हा कळलं, त्यांनी डिझाइन केलं होतं. माझं अक्षर न् अक्षर सुंदर टाइपात, रंगीत चौकटीत मांडलं होतं आणि त्या चौकटींची चित्रं करून पानावर लावली होती. आणि चित्रांमागे तोच शब्द. मी लिहिलेलं मलाच वाचता येईना. बोट हनुवटीवर गेलं, टाक्यांच्या जागेवर. आई म्हणाली, "काय झालं गो?" मी म्हटलं, "काही नाही, उद्या सांगते." बोलले असते तर रडू आलं असतं, आणि मला रडायचं नव्हतं.

मी फोन केला नाही, तक्रार टाकली नाही. रिलीजच्या ऑनलाइन मीटिंगची वाट बघितली. त्या मीटिंगमध्ये एकेक जण आपापल्या कामाचं सांगतो. कोड तयार, हो. तपासणी झाली, हो. मॅन्युअल तयार, हो, बाई गोड आवाजात म्हणाल्या. शेवटी माझी पाळी.

"नाही," मी म्हटलं.

मॅनेजरला वाटलं नेट अडकलं. "काय म्हणालीस?"

"नाही म्हणाले. हे बाहेर जाणार नाही. मॅन्युअल तयार नाही." आणि मी माझा पडदा मीटिंगमध्ये सगळ्यांना दिसेल असा लावला, आवाजासकट. नेहमीचा वेग त्यांना झेपला नसता, म्हणून वेग त्यांच्यापुरता कमी केला. मॅन्युअलचं पहिलं पान उघडलं आणि वाचायला सोडलं.

"ग्राफिक. स्क्रीनशॉट."

सगळे ऐकत होते. सुरुवातीला कुणीतरी हसलं. आवाज चालूच राहिला. ग्राफिक, स्क्रीनशॉट. मग कुणी हसेना. बाई म्हणाल्या, "कळलं गं, आपण नंतर बोलू यावर." मी पुढचं पान उघडलं. माझं स्वतःचं पान आलं, त्याच्यावरही तेच. खुर्च्या करकरल्या, कुणी खाकरलं. मॅनेजर म्हणाला, "हे बघ, गिऱ्हाईक थांबलंय. तुझ्या एका 'हो'साठी सगळं अडलंय. मला हे काम काढून घ्यावं लागेल."

"काढून घ्या. पण तोपर्यंत माझ्याकडे आहे, आणि हे पान संपलेलं नाही."

ग्राफिक. स्क्रीनशॉट. ग्राफिक. स्क्रीनशॉट. शेवटी तो वैतागला. एवढ्या वर्षांत मी त्याचा चढलेला आवाज पहिल्यांदाच ऐकला. "अगं पण कसला स्क्रीनशॉट? काय आहे काय त्याच्यात?"

मी वाचन थांबवलं.

"मला काय विचारता सर? तुम्हाला दिसतंय ना. तुम्ही सांगा."

मला त्यांची तोंडं दिसत नव्हती आणि बघायची इच्छाही नव्हती.

रिलीज अडकून राहिलं. माझं पान पुन्हा अक्षरांत आलं, ते तर तासाभरात झालं, म्हणजे ते किती सोपं होतं बघा. बाकीच्या चित्रांमागच्या ओळी बाईंनी स्वतः लिहिल्या आणि फोनवर मला एकेक वाचून दाखवल्या. पहिल्या काही मी परत पाठवल्या, त्यांत "इथे" होतं. त्यांचा आवाज आता गोड नव्हता, दमलेला होता. मला तो जास्त आवडला. सगळं ऐकून झाल्यावर मी "हो" म्हटलं आणि रिलीज गेलं. काम माझ्याकडून कुणी काढून घेतलं नाही.

मॅनेजरनं नंतर एकदा विषय काढलाच. "तुझं म्हणणं बरोबर होतं," म्हणाला, "पण तू ते रागात केलंस. शांतपणे सांगता आलं असतं."

"सांगितलं होतं," मी म्हटलं. "तुमच्या तोंडात भाकरी होती."